चिमणीएवढं पोट

"या महिन्यापासून मी घरात कमी पैसे देईन," ताई म्हणाली, आणि भावजयीच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यावर तसाच थांबला.

"कमी म्हणजे?" भावानं मान वर केली.

"पगाराचा तिसरा हिस्सा निवृत्तीच्या फंडात वळवायला सांगितलाय. इतकी वर्षं कमीत कमी कापून घेत आले. आता आठच वर्षं उरली नोकरीची..."

"तुला निवृत्तीची काळजी कशाला? आम्ही काय मेलोय का, ताई?" भाऊ उसळलाच! "वरचा मजला कुणासाठी काढतोय? तुझ्यासाठीच ना? तुझ्या हक्काची खोली! दारात विटा येऊन पडल्यात, आणि तू आता हात काढून घेतेस? एवढाच विश्वास आमच्यावर?"

खरं तर हे शब्द काळजात रुतायला हवे होते. वडील गेले तेव्हा शाळकरी असलेल्या या भावाला तिनं हाताला धरून वाढवलं, शिकवलं, त्याचा संसार थाटून दिला. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी ह्याचं होऊ दे" म्हणत राहिली, आणि ह्याचं सगळं झालं तेव्हा तिच्यासाठी विचारायला येणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच भावाच्या तोंडून हे ऐकताना तिच्या आत मात्र काहीच हललं नाही. भुलीचं इंजेक्शन दिलेल्या गालासारखं तिचं अंतःकरण जड आणि बधिर झालं होतं. आपल्याला दुखायला हवं, एवढं तिला कळत होतं, इतकंच.

"भात वाढू?" भावजयीनं कोरड्या आवाजात विचारलं.

"नको गं. पोट भरलं."

"आत्या कुठं खाते जास्त!" भाची सवयीनं म्हणाली. आत्याचं पोट चिमणीएवढं, हा त्या घरातला जुना विनोद होता, आणि सगळ्यांत आधी त्यावर हसायची ती ताईच. त्या दिवशी मात्र कुणीच हसलं नाही.

ताई दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. प्लॅस्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, खाली रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आणि फळीवर ओळीनं मांडलेले परक्या माणसांचे जबडे, एवढाच तिचा दिवसाचा गोतावळा. त्या फळीच्या टोकाला पाण्यानं भरलेली एक वाटी होती आणि तिच्यात एक पूर्ण कवळी. जिच्यासाठी ती बनवली, ती म्हातारी माप द्यायला आली तेव्हा किती उत्साहात होती! "मला दाणे चावता यायला हवेत हं, नाहीतर परत देईन!" असं बजावून, लहान मुलीसारखी हसत गेली होती. कवळी तयार झाली, निरोप गेला, पण न्यायला कुणी आलं नाही. शेवटी मुलाचा फोन आला. "राहू द्या आता. आई मऊच खाते. तिला काय करायचेत दात?"

त्याचा आवाज अजिबात वाईट नव्हता. उलट चांगला, समजूतदार, थोडासा दमलेला... अगदी आपल्या भावासारखा! ताईला धसका बसला तो त्या आवाजाचा. त्याच दुपारी ती हिशेबनिसाकडे गेली आणि कपात वाढवायला सांगून आली. वाटीतलं पाणी मात्र ती रोज सकाळी बदलत राहिली.

भांडणानंतर घरात कुणी तिच्याशी वाकडं वागलं नाही. चहा वेळेवर मिळत होता, कपडे वाळत पडत होते; फक्त बोलणं तेवढं आटलं होतं. विटांच्या ढिगाला वळसा घालून ती कामावर जायची आणि वळसा घालून परत यायची. या वयात कुणाशी भांडायचं, आणि कशासाठी? तिनं ठरवून टाकलं, हिशेबनिसाला सांगायचं, पूर्वीइतकंच कापा. ठरवतानाही तिला ना दुःख झालं, ना हायसं वाटलं.

सांगायला म्हणून ती खुर्चीवरून उठली, तोच दारात भावजय उभी! लग्न होऊन या घरात आल्यापासून बावीस वर्षांत तिनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"घरी काही झालं का गं?" ताई घाबरली.

"नाही... बसू का?" ती स्टुलावर टेकली. फळीवरच्या जबड्यांवरून फिरत तिची नजर वाटीवर थांबली. "हे कुणाचं?"

"एका आजींचं. कुणी न्यायला आलं नाही. मुलगा म्हणाला, आता तिला काय करायचेत दात."

भावजयीनं वाटीला हळूच बोट लावलं. मग एकदम म्हणाली, "काल माझ्या भावाकडे गेले होते, वन्सं. वरच्या मजल्यासाठी उसने पैसे मागायला. जेवायला बसलो. मी आईला म्हटलं, अजून थोडा भात घे. तर तिनं आधी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पातेल्यात पाहिलं, आणि म्हणाली... पोट भरलं गं." तिनं पदर मुठीत घट्ट धरला. "माझी वहिनी वाईट नाही हो! कधी एक शब्द वावगा बोलत नाही ती. तरी आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं! आणि मला... मला तिथं तुम्ही दिसलात!"

ताई टेबलावरच्या भांड्यात कालवलेल्या प्लॅस्टरकडे बघत होती. ते घट्ट होत चाललं होतं, वाया जाणार होतं.

"बावीस वर्षं मी आल्यागेल्याला हसत हसत सांगितलं, आमच्या वन्संचं पोट चिमणीएवढं! खरं सांगा, माझी शपथ आहे... भरत होतं का हो कधी?"

"कधी कधी भरायचं," ताई म्हणाली.

एवढ्या साध्या उत्तरानं भावजयीचा बांध फुटला. पदरात तोंड लपवून ती हमसून हमसून रडली. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर बोटांना लागलेलं प्लॅस्टर तिच्या साडीवर उमटलं.

"आमच्या अबोल्याला भिऊन कपात कमी करू नका," भावजय डोळे पुसत म्हणाली.

"अगं, पण वरचा मजला..."

"खड्ड्यात गेला वरचा मजला! तुमच्या गुडघ्यांना तो जिना झेपेल का, हे तरी कुणी विचारलं तुम्हाला? आणि वन्सं, मी तुम्हाला कधीच दुखावणार नाही, अशी शपथ मला घेता येत नाही. उद्या मी दमेन, चिडेन, माझंही वय होईल. तुमचे पैसे तुमच्या हातात असले, तर तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. आणि मलाही माझीच भीती वाटणार नाही!"

सगळं आयुष्य घराला देऊन टाकलेल्या ताईशी इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. प्रेमाच्या आणाभाका तिनं खूप ऐकल्या होत्या.

तेवढ्यात हिशेबनिसानं दारातून डोकं आत घातलं. "ताई, पगाराची यादी वर पाठवतोय. कपातीचं तेच ठेवू ना? काही बदल?"

"काही नाही. तिसरा हिस्सा," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त जरा मोठा.

संध्याकाळी दारातल्या विटा गेलेल्या होत्या. जेवताना भाऊ ताटातून नजर उचलत नव्हता.

"हिनं सगळं सांगितलं. विटा परत केल्या," तो शेवटी पुटपुटला. "ताई, त्या दिवशी मी... मला कधी दिसलंच नाही गं! तू समोर बसून जेवायचीस, आणि मला दिसलं नाही!"

"जेव आता. गार होतंय," ताई म्हणाली.

भावजय डाव घेऊन तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. "वाढू का" असं तिनं विचारलं नाही, नुसती थांबली. ताईच्या ओठांवर सवयीचे शब्द आलेच होते. तिनं भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पातेल्यातही पाहिलं नाही.

"वाढ," ती म्हणाली.

भाची घास हातात धरून बघत राहिली. भात वाफाळता होता. पहिल्याच घासाला ताईची जीभ पोळली, आणि त्या चटक्यासरशी इतक्या दिवसांचं सगळं पाणी तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. रडत रडतच तिनं तो भात संपवला.

मग ताट पुढे केलं.

"अजून थोडा."