पुढचं माप

चहा उकळेपर्यंत शर्वरी मिरजकर कपड्यांच्या खोलीत एक फेरी मारून यायची. खोलीचं सकाळचं काम तेव्हा चालू असायचं. काचेमागच्या कोनाड्यात दांडीवरून एकेक कपडा सरकत यायचा, खालून त्यात वाफ भरायची आणि कपडा उभा राहायचा. नुसता ताठ नाही, घालणाऱ्याच्या अंगासारखा. खांदे कुठे उतरलेत, पोट किती सुटलंय, सगळं त्यात दिसायचं. फक्त मान नाही, डोकं नाही. सुरुवातीला शर्वरीला ते बघवत नसे. मग सवय झाली, माणसाला कशाचीही होते.

त्या दिवशी कोनाड्यात तिच्या मुलाचा, ईशानचा निळ्या चौकडीचा शर्ट उभा होता. वाफेचा बारीक सुस्कारा चालू होता आणि शर्टाची छाती वर-खाली होत होती. शर्वरीला तो शर्ट लहान वाटला. खांदे होते तेवढेच होते, पण खाली छाती बसलेली आणि पोटाच्या जागी खळगा. बाजूच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'ईशान. छाती कमी. कंबर कमी. पुढचं माप तयार आहे.' मग सुईसारखे बारीक हात पुढे आले आणि शर्टाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेऊ लागले.

ही खोली मुळात ईशानचीच. नोकरीसाठी तो रॉटरडॅमला गेला, तिथेच रमला आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या या घरातली त्याची खोली धूळ खात पडली. शर्वरीच्या बहिणीची मुलगी केतकी घरांची सजावट करायची. तिनंच सुचवलं, "मावशी, तुझ्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत, काकांचे कपडे तीन कपाटांत. या खोलीत सगळं एकत्र आणू."

खोली झाली मोठी देखणी. जरीला घडी पडू नये म्हणून साड्यांना गोल दांड्या, ओढण्यांना सरकते खण, बसायला मऊ बाक आणि समोर पुरुषभर उंचीचा आरसा. आरशाभोवतीचा उजेड पिवळसर हवा, हा शर्वरीचा हट्ट. पांढऱ्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसतं, असं तिचं म्हणणं. प्रत्येकाच्या कप्प्याला नाव दिलं : शर्वरी, हेमंत, ईशान. ईशानचे जुने शर्ट बोहारणीला द्यायला नवरा-बायको दोघंही तयार नव्हते. शर्वरीला ते ईशानचे म्हणून हवे होते आणि हेमंतचं म्हणणं सरळ होतं, "कापड चांगलं आहे अजून. फेकायचं कशाला?"

या खोलीची खरी करामत होती अंगठसा, म्हणजे अंगाचा ठसा. कपडा अंगावरून उतरला की त्याचा ताण, सुरकुत्या, घाम यांवरून खोली घालणाऱ्याचं अंग ओळखायची. हजारो माणसांचे असे ठसे तिच्यात साठवलेले होते. त्यांच्याशी ताडून हे अंग कुठल्या दिशेनं चाललंय ते ठरवायची आणि कपडा आधीच तसा करून ठेवायची.

"पोरांच्या कपड्याला शिंप्याकडून शिवणीत जादा कापडाची माया सोडून घ्यायचो ना, तसंच," केतकीनं समजावलं होतं. "फक्त ही खोली माया आपणहून सोडते आणि आपणहून आत घेते. कपडा कधी घट्ट नाही, कधी सैल नाही."

तशीच खोली, आकारानं जरा लहान, ईशाननंही तिकडे बसवून घेतली होती. इथून आईनं कुर्ता पाठवला तर तो मापात बसावा म्हणून दोन्ही खोल्यांची खाती जोडलेली होती. त्यामुळे पडद्यावरची अक्षरं वाचून शर्वरीच्या मनात एकच अर्थ आला. पोरगं तिकडे खंगतंय आणि सांगत नाहीये.

तिनं फोन लावला. ईशानचा चेहरा पडद्यावर आला, मागे खिडकीतलं राखाडी आभाळ.

"जेवतोस ना नीट?"

"आई, मी चौतीस वर्षांचा आहे. जेवतो."

"मग चेहरा असा का?"

"कसा? झोपेतून उठलोय."

तिला ते पटलं नाही. त्यानंतर ती रोज सकाळी खोलीत जाऊन बाकावर बसू लागली. निळा शर्ट झाला, करडा झाला, पिवळ्या रेघांचा झाला. ईशानचा प्रत्येक शर्ट वाफेनं उभा राहिला की आधीपेक्षा किंचित रोडावलेला असायचा. एकदा तर कॉलरचं बटण सुईनं उसवून आत सरकवलेलं तिनं पाहिलं. म्हणजे मानही बारीक झाली. त्या रिकाम्या कॉलरकडे पाठ करून ती उठली.

"मी जाते तिकडे," ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "तिकीट काढ माझं."

हेमंत ओट्याशी भडंगासाठी लसूण सोलत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून चारचा चहा आणि भडंग त्याच्याकडे होतं. "तुझं काहीतरीच. यंत्र काय सांगतं आणि तू काय ऐकतेस. बिघडलं असेल."

"यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"मग पोरगं कशाला बोलेल?"

शेवटी तिनं ईशानला फर्मान सोडलं. फोन टेबलावर ठेव, मागे सरक आणि पूर्ण उभा राहा. तो हसत उभा राहिला, वळला, शर्ट वर करून पोट दाखवलं. चांगलं गरगरीत सुटलेलं पोट. शर्वरीला हायसं वाटलं ते जेमतेम क्षणभर. मग कोनाड्यात रोज सकाळी उभं राहतं ते अंग कुणाचं, हा प्रश्न पडला आणि त्या खोलीत एकटीनं जायची तिला भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं केतकीला बोलावून घेतलं. केतकीनं पडद्यावरच्या नोंदी उघडून बराच वेळ काहीबाही तपासलं.

"मावशी, तिकडच्या खोलीतून इथे काहीच आलेलं नाही. हे सगळे ठसे याच घरातले आहेत. परवाचाही आहे, कालचाही आहे. कप्पा ईशानचा, म्हणून खोलीनं त्यांना त्याचं नाव लावलंय." तिनं मागे वळून पाहिलं. "ईशानचे कपडे इथे कोण घालतं?"

शर्वरी "कोणीच नाही" म्हणणार, तेवढ्यात हेमंत चहाचा ट्रे घेऊन दारात आला. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट होता.

मुलानं बापाचे कपडे वापरायचे, ही रीत केव्हाच मागे पडली. आपल्याकडे बापच मुलाचे वापरतो. स्वतःचे चांगले शर्ट लग्नाकार्यासाठी घडी करून ठेवायचे आणि पोराचे टाकलेले घरात घालून झिजवायचे. हेमंत बारा वर्षं हेच करत होता. ते इतकं रोजचं होतं की शर्वरीला दिसायचंच बंद झालं होतं. शर्ट त्याला बेताचा बसला होता, खांद्यापासून पोटापर्यंत कुठे चुणी नाही.

तिनं ट्रे त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवला. हेमंतच्या कप्प्यातून तिनं केतकीच्या लग्नातला मोतिया शर्ट काढला. त्यानंतर तो एकदाही घातलेला नव्हता, म्हणून खोलीनंही त्याला हात लावला नव्हता.

"हा घाल."

"आत्ता? कशाला?"

"घाल म्हणते ना."

त्यानं घातला. सगळी बटणं लावली. कॉलरमध्ये मानेभोवती शर्वरीची चार बोटं सहज मावली. खांदे दंडावर उतरले, छातीवरचं कापड पोटापर्यंत लोंबत राहिलं. आरशाभोवतीच्या पिवळसर उजेडात त्याचा चेहरा तजेलदार दिसत होता. केतकीनं खिडकीवरचा पडदा सारून ती उघडली. दिवसाच्या उजेडात मग तिघांनाही तो चेहरा दिसला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," हेमंत म्हणाला. हसायचा प्रयत्न त्यानं केला. "भूक लागत नाही हल्ली. म्हटलं, वय झालं. शर्ट तर बसतायत."

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. पोटात गाठ निघाली. उशीर झालाय, पण उपचार करण्यापलीकडे गेलेलं नाही, असं ते म्हणाले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एवढं वजन उतरलं, कपडे सैल झाल्याचं लक्षात नाही आलं?" सैल कपडा घरभर बोभाटा करतो. त्यांच्या घरात त्याचं तोंड मोठ्या प्रेमानं आणि हौसेनं शिवून टाकलेलं होतं.

उपचार सुरू झाले. केतकी म्हणाली, "मावशी, बंद करू का ही खोली?" शर्वरी नको म्हणाली. तिला त्या खोलीचा राग होता, धाकही होता, पण तिथे काय दिसतंय हे न बघता राहणं तिला जमलं नसतं. ठसे आता हेमंतच्या नावावर घातले होते. खोली पुढचं माप काढतच होती. कोनाड्यात वाफेनं उभा राहणारा शर्ट म्हणजे आजचा हेमंत नव्हे, येऊ घातलेला. तो दिवसेंदिवस अरुंद होत चालला होता.

मग शर्वरीनं सुई-कातर हातात घेतली. खोलीनं आत घेतलेली शिवण ती संध्याकाळी उसवायची आणि बोटभर माया परत सोडायची. सकाळी जाऊन बघावं तर खोलीनं पुन्हा टाका घातलेला. ती पुन्हा उसवायची.

"कुणाशी भांडतेस?" हेमंतनं विचारलं. "त्या यंत्राला कळतं काय?"

"मला कळतंय ना. तुला भरायचाय हा शर्ट. खा मुकाट्यानं."

असे दिवस गेले. हेमंत कधी अर्धी भाकरी खायचा, कधी नुसती पेज. आणि एका सकाळी शर्वरी खोलीत आली तर निळा शर्ट कोनाड्यात तसाच लटकलेला होता. वाफ आली नव्हती. सुईचे हात मिटलेले होते. काल सोडलेली माया जशीच्या तशी, एकही टाका नाही. पडद्यावर एवढंच होतं : 'हेमंत. शिवणीत बदल नाही.' खाली बारीक अक्षरांत 'कारण पाहा' असं लिहून एक चौकोन होता.

शर्वरीचं बोट त्या चौकोनापर्यंत गेलं. सोडलेल्या मायेइतकं अंग आता भरून येणार, म्हणून बदल नाही? की पुढचं माप घ्यायला अंगच नसणार, म्हणून?

"शर्वरी," आतून हेमंतची हाक आली, "माझा निळा शर्ट झाला का? आणि भाकरी टाकलीस तर आज आख्खी टाक."

तिनं शर्ट दांडीवरून काढला. तो अजून गार होता. एका हातात शर्ट धरून, दुसरं बोट त्या चौकोनासमोर तसंच ठेवून ती उभी राहिली. दाबावं का?