नववं कार्ड

"चार किलो दह्याचा चक्का टांगला, आणि हे बसलेत दाराला कुलूप लावून. आता पुरीऐवजी कुलूपच वाढते त्यांच्या पानात," सुचेता श्रीखंड घोटता घोटता पुटपुटली.

वैजयंती तिच्या कोपराला कोपर लावून उभी होती. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या त्या स्वयंपाकघरात दोन बायका एरवी मावतच नसत. शेजारच्या घरातून ती दसऱ्याचं सोनं द्यायला पाच मिनिटं आली होती. सोनं म्हणजे सोनेरी कागदाची कापलेली आपट्याची पानं. त्याला आता तास होऊन गेला होता.

"कार्ड सापडल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही!" हॉलमधून डॉ. पद्माकरांचा आवाज आला. "वैजयंतीबाई, तुम्हीसुद्धा."

"मी कुठे जातेय? अजून श्रीखंड वाढलेलं नाही."

पद्माकर सुचेताचे यजमान, निवृत्त रेडिऑलॉजिस्ट. तरुणपणी दोन वर्षं क्लीव्हलंडच्या एका हॉस्पिटलात होते, तिथून बेसबॉल खेळाडूंच्या छापील कार्डांचं वेड घेऊन इंग्लंडात आले. हरवलेलं कार्ड १९३४चं. त्या वर्षीची शेवटची मालिका सीझन उतरल्यावर छापली, म्हणून थोडीच छापली. त्यातलेही न खपलेले गठ्ठे लगद्यात गेले. जगभर पत्रं पाठवून डॉक्टरांनी उरलेली कार्डं मोजली होती. बाहेर आठ. नववं त्यांच्याकडे. मुलाने, उदयने, निवृत्तीची भेट म्हणून बर्मिंगहॅमच्या एका कार्डमेळ्यातून शोधून आणलेलं. आज, २००३च्या दसऱ्याला, चार वाजता लंडनहून एक तज्ज्ञ ते तपासून यादीत नोंदवायला येणार होता.

आणि आल्बममधला त्याचा कप्पा रिकामा होता.

"आल्बमला शेवटचा हात कुणाचा लागला?" वैजयंतीने हॉलमध्ये येऊन विचारलं. बावीस वर्षं तिने पोस्टाच्या काउंटरवर काढली होती. प्रश्न विचारून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, ही तिथली सवय.

 आश्लेषाकडे न बघण्याची सगळ्यांनी काळजी घेतली. उदयशी लग्न करून पुण्याहून आल्याला तिला चार महिने झाले होते.

"माझा," आश्लेषाच म्हणाली. "काल खंडेनवमीची पूजा मी मांडली. आल्बमवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. उघडला नाही. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत उघडायची नाही, असं आईंनी सांगितलं होतं."

"आज कुणी उघडला?"

"बाबांनी. सगळ्यांसमोर."

"तेव्हा अक्षता होत्या वर?"

"जशाच्या तशा. या बघा, कार्पेटवर सांडल्यात."

"आणि तज्ज्ञ काल येणार होता ना?"

"मी पुढे ढकललं," डॉक्टर म्हणाले. "आल्बम पूजेत होता." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात दाबला. मघापासून चौथ्यांदा. दाराची किल्ली तिथे असणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

"मावशी, ऑनेस्टली, त्या माणसाला फोन करून कॅन्सल करू," उदय म्हणाला. तो स्लाऊमध्येच वाढलेला. "माझा डोका दुखतोय."

"तू आणलेल्या कार्डाचं कौतुक व्हायचंय, आणि तूच नको म्हणतोस?"

उदय आपल्या मोज्यांकडे बघत राहिला.

भिंग आणायला म्हणून वैजयंती डॉक्टरांच्या खोलीत गेली. टेबलावर भिंगाशेजारी एक छोटा जांभळ्या उजेडाचा दिवा होता. असाच तिच्या काउंटरवर असायचा, नोटा तपासायला.

मागे दार हळूच लागलं. आश्लेषा.

"मावशी, माझी बॅग तपासा ना."

"कशाला गं?"

"कुणीतरी तपासा! कुणी विचारत नाही, कुणी रागवत नाही. 'राहू दे गं, जेवून घे' म्हणतात. हे असंच राहिलं तर मी या घरात जन्मभर..."

तेवढ्यात बेल वाजली. चारला दहा कमी. दोघी हॉलमध्ये आल्या; सुचेताही हातातल्या डावासकट बाहेर आली होती.

डॉक्टर उठले. पँटच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली.

"थांबा," वैजयंती म्हणाली. "दोन मिनिटं उभा राहील तो. इंग्रज आहे, सवय असते. अक्षता हलल्या नव्हत्या, म्हणजे पूजेनंतर आल्बम कुणी उघडलेलाच नाही. कार्ड त्याआधीच गेलं होतं. आश्लेषा, आल्बम पूजेला कुणी दिला?"

"बाबांनी. स्वतः पाटावर आणून ठेवला."

"सुचेता, याआधी कधी दिला होता?"

"छे! कुंकवाची कोयरी घेऊन त्या खोलीच्या दाराशी गेले तरी अंगावर येतात. एक डाग पडला की कार्ड मेलं म्हणतात."

"तोच माणूस काल आपणहून आल्बम कुंकवाखाली ठेवतो. कारण पूजेतली वस्तू उघडता येत नाही. एक दिवस मिळाला. आज तो संपला, म्हणून चोरी झाली. डॉक्टर, किल्ली पँटच्या खिशात होती. मग कोटाच्या खिशात तासभर काय जपताय?"

 डॉक्टरांनी कोटात हात घातला आणि कार्ड बाहेर काढलं. प्लास्टिकच्या पाकिटात, कोपरे अगदी धारदार.

"पण का?" आश्लेषाने विचारलं.

"टेबलावर तो दिवा आहे," वैजयंती हळू आवाजात म्हणाली. "खरी नोट त्याच्याखाली काळपटच राहते. हल्लीचा साधा कागद पांढराशुभ्र झळकतो. सत्तर वर्षांपूर्वीचा कागदही काळपटच राहायला हवा. पुढचं मी बोलणार नाही. स्वतःसाठी नाही लपवलंत, ज्याने हौसेने आणलं त्याच्यासाठी लपवलंत, हे कळतं मला. पण या पोरीने इथे चोर म्हणून राहायचं का?"

"आश्लेषा," डॉक्टर म्हणाले, "तुझ्यावर येईल असं मनातही आलं नाही माझ्या."

"आलं होतं," सुचेता म्हणाली. श्रीखंडाचा डाव अजून तिच्या हातात होता. "माझ्याही आलं होतं. तुम्ही रोज तो दिवा लावून बसायचात, मला दिसत नव्हतं? आपण दोघं गप्प बसलो."

बेल पुन्हा वाजली. डॉक्टरांनी किल्ली कुलुपात घातली, पण फिरवली नाही. मुलाकडे बघायचं ते टाळत होते.

उदय पुढे आला. त्याने वडिलांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं.

"खोटं आहे ते, बाबा," तो म्हणाला. "मला मागच्या ख्रिसमसपासून माहीत आहे. जगात आठच आहेत."