ओटीपी सांगा की, मॅडम

बिरुदेवशी माझी पहिली भेट भांडणातच झाली. आणि भांडायला मी स्वतः चालत गेले होते. जूनच्या भर दुपारी, सोलापूरच्या उन्हात.

मी सात रस्त्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक आहे. बारावीच्या मुलांना पुढं कुठं जायचं ते सांगणं हे माझं काम. त्या दिवशी वळसंगच्या शिवलीलाचा प्रवेश अर्ज बघितला आणि माझं डोकंच फिरलं. वर्गात पहिली आलेली मुलगी, आणि पसंतीच्या यादीत सगळ्यात वर घराजवळचं कॉलेज, पुण्याचं चांगलं कॉलेज खाली! पहिली पसंती मिळाली की ती पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. तरी आमच्याकडचे आईवडील दरवर्षी हेच करतात. लेकरू नजरेआड करायचं नसतं ना... म्हणून जवळचं वर.

अर्ज भरला होता ‘बिरुदेव ऑनलाईन सेंटर’मध्ये. मी दारातूनच सुरू झाले.

“हा अर्ज कुणी भरलाय?”

“मीच.” काउंटरमागचा तरुण उठून उभा राहिला. “बसा की मॅडम. पाणी देऊ?”

“पाणी नको. एवढ्या हुशार मुलीचं वाटोळं करताना काहीच वाटलं नाही?”

“वाटलं की. पन तिची आई, गौरम्मा, हितं बसून रडाय लागली. रडनाऱ्या मानसाला मी न्हाय म्हनू शकत न्हाय.” त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. “पाचपर्यंत बदलता येतंय. तुमी बोला तिच्याशी.”

मी गौरम्मांना फोन लावला. अर्धा तास समजावलं, थोडी रागावलेसुद्धा. पावणेपाचला पुण्याचं कॉलेज वर गेलं. गौरम्मांना मेसेज वाचता येत नव्हते, म्हणून त्यानं अर्जावर माझा मोबाईल नंबर टाकला.

निघताना मी सवयीनं विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला विचारते. “पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल?”

“हितंच. ह्याच खुर्चीत.” तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, “जेवलात का, मॅडम?”

मी जेवले नव्हते. आणि खरं सांगते, हे मला शेवटचं कुणी विचारलं होतं ते आठवेना. आई वारल्यापासून माळशिरसचं घर म्हणजे कुलूप. इथं भाड्याची एक खोली, एका माणसाचा डबा, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची स्वप्नं. मुलं पुण्याला जातात, मुंबईला जातात आणि मला विसरतात. विसरायलाच हवं. पण संध्याकाळी खोलीचा दिवा लावताना तेवढा शहाणपणा टिकत नाही.

त्या दिवसापासून नियमच झाला. कुणाचा बाप मेंढरांमागं रानात, कुणाचं सिम बंद... की अर्जावर माझा नंबर. आधी प्रवेशाचे अर्ज, मग शिष्यवृत्तीचे, मग वसतिगृहाचे. दर वेळी ओटीपी माझ्या फोनवर यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ बिरुदेवचा फोन.

“मॅडम, ओटीपी.”

“चार, शून्य, सात...”

“सावकाश सांगा की. एवढी कसली घाई?”

“वेळ संपेल.”

“संपू द्या. परत मागवतो.”

एकदा मी मुद्दाम एक आकडा चुकवला. “न्हाय घेत, परत सांगा,” तो म्हणाला, आणि आवाजात हसू लपत नव्हतं. समुपदेशक बाई, काय चाललंय हे? मी स्वतःलाच विचारलं. रविवारी अर्ज नसायचे, त्यामुळं रविवार फार मोठा वाटायचा.

असं वर्ष गेलं. जुलैतल्या एका दुपारी त्यानं मला सेंटरवर बोलावलं. लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर पंखा कसाबसा फिरत होता. आत दुसरं कुणी नव्हतं.

“आज कुणाचा अर्ज?”

“माझा.”

मी काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले. बी.ए. तो आधीच झाला होता; आता मला न सांगता त्यानं वकिलीची प्रवेश परीक्षा दिली होती. मार्कही चांगले होते.

“तुमी ईचारलं हुतं ना, पाच वर्सांनी कुटं? लई दिवस डोक्यात बसलं ते. दरसाल कुनीतरी आमची मेंढरं अडवतंय, आन् माझं वडील, अण्णा, हात जोडत बसत्यात. मला त्यांच्या बाजूनं उभं ऱ्हायचंय.” त्यानं स्क्रीनवर दोन कॉलेजं दाखवली. एक पुण्याचं, एक सोलापूरचं. “हितं शिकलो तरी वकीलच व्हनार. सेंटर बी चालंल. आन् हितं...” त्यानं माऊस बाजूला सारला. “हितं बाकीचं बी हाय. तुमी सांगा, कुटलं वर टाकू?”

बाकीचं म्हणजे काय, ते मला कळलं. एक शब्द बोलायचा अवकाश, तो राहिला असता. मला तो हवा होता. संध्याकाळी दिवा लावताना, डबा उघडताना, रविवारी... सगळ्याच वेळी. आणि त्याचे मार्क माझ्यासमोर होते. त्याच खुर्चीत गेल्या वर्षी गौरम्मा रडल्या होत्या आणि मी त्यांना फोनवर शहाणपण शिकवलं होतं. आज कळलं, त्या का रडल्या.

“पुणे,” मी म्हणाले. “पुणे वर.”

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. “रडनाऱ्या मानसाला मी न्हाय म्हनत न्हाय. म्हाईत हाय की तुमाला.”

“म्हणूनच रडत नाहीये.”

त्यानं मान खाली घातली आणि बटण दाबलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. ओटीपी... त्याच्या अर्जाचा.

“हा माझ्याकडं कसा आला?”

“तुमचा नंबर टाकलाय.”

“पण तुमचा फोन तर चालू आहे!”

“हाय की. पन परीक्षा, निकाल, समदं आता तीन वर्सं तुमच्याकडं येनार. मंग फोन करावाच लागंल मला.”

“हे सरळ सांगता आलं असतं.”

“सांगतो.” तो लहान मुलासारखा उभा राहिला. “तुमी मला आवडता, मॅडम. लई. एक साल झालं... आन् आता ओटीपी सांगा की, वेळ संपंल.”

स्क्रीनवर सेकंद पळत होते. मी गप्प राहिले असते तर वेळ खरंच संपली असती. पण तो परत मागवणार, हे मला ठाऊक होतं.

“सहा... दोन... दोन... आठ... एक...”

“शेवटचा?”

“पाच. आणि तुम्हीसुद्धा मला आवडता.”

ऑगस्टमध्ये तो पुण्याला गेला. बस हलल्यावर मी हात हलवला नाही, त्याला दिलेल्या शेंगाचटणीची रिकामी पिशवी धरून नुसती उभी राहिले. आता सेंटरवर त्याचा चुलतभाऊ ज्ञानू बसतो. ज्ञानू फोन करत नाही. ‘ओटीपी पाठवा’ एवढा मेसेज टाकतो. मी आकडे पाठवते आणि डबा उघडते. बिरुदेवचाही पुण्यातला पहिला महिना धावपळीचा. अर्जाचं काम निघालं तरच फोन, तोही दोन मिनिटांचा. रविवार पुन्हा मोठे झाले.

मग एका रविवारी दुपारी फोन वाजला.

“बोला, बिरुदेव. थांबा, मेसेज बघते...” मी वर-खाली शोधलं. “ओटीपी आलाच नाही हो.”

“व्हय. मागवलाच न्हाय.” मागं त्याच्या खोलीतला पंखा घरघरत होता. “आज अर्ज न्हाय काय न्हाय. असाच केला... कीर्ती, जेवलीस का?”

मी डबा पुढं ओढला. “नाही अजून,” म्हणाले. “तू बोल, मी जेवते.”