चौथं बटण

पीक पिवळं पडायच्या सुमाराला आकाशातून शेतांचे फोटो काढायचे, हे दोघी बहिणींचं दरवर्षीचं काम. जमिनीखाली बुजलेला जुना खंदक असला की तिथल्या मातीत ओल टिकते आणि वरचा गहू उशिरापर्यंत हिरवा राहतो. वरून पाहिलं की गाडलेलं सगळं उमटून दिसतं. ड्रोन उडवायची धाकटी, आणि खुणा वाचायची ताई. ताई पक्की संशयखोर. धाकटीच्या बहुतेक खुणा ती पाण्याचे जुने पाइप म्हणून निकालात काढायची.

या खुणेपुढे मात्र तिची मात्रा चालली नाही. एक नीटस वर्तुळ आणि मधोमध माणसाच्या लांबीचा गडद आयत.

"कबर?" धाकटीनं विचारलं.

"खणून पाहीपर्यंत खड्डाच म्हणायचं," ताई म्हणाली.

कापणी झाल्यावर त्यांनी चाचणीचा चर खणला. वर्तुळाच्या जागी खंदक निघाला, त्यात अश्मयुगातली खापरं. सगळं अपेक्षेप्रमाणे. मधल्या खड्ड्यावर मात्र चिकणमातीचा टणक थर होता, कुठेही न फुटलेला. तो फोडला तेव्हा खालून गार, ओला वास आला, नुकत्याच उकरलेल्या मातीचा. हाडं नव्हती. तळाशी फक्त एक बटण होतं. पिवळं, आणि भोकांत लाल दोरा.

धाकटीनं आधी आपला कोट चाचपला. चारही पिवळी बटणं जागच्या जागी होती. लाल दोऱ्यानं ती तिनंच शिवली होती, घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून.

"वरून पडलं असेल," ताई म्हणाली. पण तो अखंड थर तिनं स्वतःच्या हातानं फोडला होता.

दोघींचे बाबाही उत्खननातले. चर बुजवण्याआधी तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढे खणणाऱ्याला कळतं की इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय, हा त्यांचा नियम. ते हटकून शर्टाचं बटण तोडायचे, आणि आई शर्ट बघून कपाळाला हात लावायची. ते गेल्यापासून हा मान धाकटीकडे आला होता.

"या वेळी काही ठेवायचं नाही," ताईनं बजावलं.

"अगं, पण बाबा..."

"नाही म्हणजे नाही."

चर बुजवून परतताना गाडीत ताईचं लक्ष गेलं. धाकटीच्या कोटावर तीनच बटणं होती. चौथ्याच्या जागी लाल दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

"रागावू नकोस ना. बाबांना काय वाटलं असतं?"

ताईला राग आलाच नाही, भीती वाटली. मागे फिरून सगळं पुन्हा उकरावं असं तिला वाटलं. पण एका बटणापायी लोक वेड्यात काढतील म्हणून ती गाडी चालवत राहिली.

सकाळी तिनं ऑफिसचं कपाट उघडलं. सापडलेल्या बटणाची पिशवी सीलबंद होती. आत नुसती माती. हे तिनं धाकटीलाही सांगितलं नाही.

त्या शेतातलं पुढचं पीक पिवळं पडू लागलं. "या वेळी ड्रोन तू उडव, मी मोजकाठी धरून उभी राहते," म्हणत धाकटी निघाली. ताई नको म्हणेपर्यंत ती कुंपण ओलांडून गेलीसुद्धा.

भर दुपार होती. थोड्या वेळानं फोन वाजला.

"दिसतेय का गं मी?"

ड्रोनच्या स्क्रीनवर वर्तुळ होतं. मध्ये तो आयत. त्याच्या शेजारी दुसरा, जरा आखूड, हिरवागार.

माणूस कुठेच नव्हतं.

"तू कुठे आहेस?"

"मधोमध! हात करतेय की."

ताईनं मान वर केली. कमरेएवढा गहू. काहीच हलत नव्हतं.

"बाहेर ये! आत्ताच्या आत्ता! तुला माझी शपथ आहे!"

"येते गं, ओरडतेस काय? थांब जरा..."

आवाज दबत गेला, कुणी तोंडावर पांघरूण ओढून बोलावं तसा.

"ताई, माझं बटण सापडलं. इथेच होतं, तळाशी."