सासऱ्यांच्या टेबलावरचा डाग

मालकीणबाईंनी गुन्हेगार आधीच ठरवून ठेवला होता. आता त्यांना फक्त गुप्तहेर हवा होता, तोही शिक्का मारण्यापुरता.

"नर्सचंच काम आहे," पाहुणे सोफ्यावर टेकायच्या आतच त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा बघा आणि तसं सांगा. म्हणजे मी तिला संध्याकाळी घालवायला मोकळी."

पाहुणे म्हणजे वहिनी आणि भाऊजी. खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या या बाईंना सगळा गाव वहिनी म्हणायचा, कारण त्यांचे धाकटे दीर कायम बरोबर असत आणि ते तशी हाक मारत. भाऊजी सज्जन होते. सज्जनपणा हा बुद्धी कमी असण्याचाच एक सभ्य प्रकार, असं वहिनींचं मत होतं. पण नवरा गेल्यावर घरात बोलायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी तो चालवून घेतला होता.

खोलीत वासाचा नुसता घमघमाट होता. फुलांचा म्हणावा तर फुलांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला असता. भिंतीवरच्या संगमरवरी फळीवर एक काचेची बाटली होती, तिच्यात पिवळसर सुगंधी तेल आणि तेलात खोचलेल्या मूठभर बारीक काड्या. काड्या तेल शोषून घेतात आणि वास खोलीभर पसरतो. दारं-खिडक्या उघडण्याचे कष्ट वाचतात.

"थांबा हं, एक मिनिट." मालकीणबाई लगबगीने उठल्या. चिमटीत सगळ्या काड्या धरून त्यांनी वर काढल्या, उलट्या केल्या आणि ओली टोकं वर ठेवून परत बाटलीत खोचल्या. "कुणी आलं की मी हे करतेच. काड्या उलटल्या की वास कसा ताजा येतो! हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही."

भाऊजींनी आपली काठी त्याच फळीला टेकवून ठेवली होती. दोन थेंब तिच्या गुळगुळीत लाकडी मुठीवर पडले. भाऊजींनी ते रुमालाने पुसले आणि उगाचच हसले.

"बाटली इथेच असते का?" वहिनींनी विचारलं.

"इथेच. आणल्यापासून."

"बरं. टेबल दाखवा."

टेबल आतल्या बोळात होतं, सासऱ्यांच्या खोलीच्या अगदी दाराशी. सासरे सुतार होते. हे घर त्यांच्याच रंध्यावर उभं राहिलं होतं, पण सूनबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना "ते फर्निचरमध्ये होते" असं सांगायच्या. हे टेबल त्यांनी लेकीसाठी स्वतःच्या हातांनी केलं होतं, वर लाखेचं पॉलिश चढवून आरशासारखं घासलं होतं. गेल्या वर्षी झटका आला, वाचा गेली, पण त्याआधीच त्यांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: टेबल मुलीचं. ती मुलगी, म्हणजे मालकीणबाईंची नणंद, उद्या सकाळी टेबल न्यायला येणार होती.

मालकीणबाईंनी विणलेला रुमाल उचलला. खाली तळहाताएवढा गोल डाग होता. पॉलिश वितळून पांढुरकं पडलं होतं, आणि डागाच्या भोवती लहान लहान ठिपके शिंतोडे उडावेत तसे पसरले होते.

वहिनींनी डागावर बोट दाबलं. बोट चिकटलं. उचललं तेव्हा लाकडावर बोटाचा ठसा राहिला.

"कधी दिसला हा?"

"मागच्या आठवड्यात. तेव्हाच तिला विचारलं. नाहीच म्हणाली. ती काय हो म्हणणार आहे? स्पिरिटची बाटली दिवसभर हातात. सांडलं असणार! आणि आमच्या वन्सं म्हणजे तुम्हाला सांगते, डाग बघितला तर मलाच बोलतील. तुमच्यासारख्या तिऱ्हाईत माणसाने सांगितलं की तोंड बंद."

"स्पिरिटने लाखेचं पॉलिश विरघळतं, वहिनी," भाऊजी उत्साहाने म्हणाले. "म्हणजे सुटलंच की!"

"भाऊजी, तुम्ही जरा पाणी प्या," वहिनी म्हणाल्या.

आधी मालक भेटले. ते गॅलरीत बसले होते आणि दुपारीच त्यांच्या हातात ग्लास होता. दारूनेही लाखेचं पॉलिश जातं, हे वहिनींनी त्यांना सांगितलं.

"मी इथेच पितो," मालक म्हणाले. "त्या टेबलाकडे जात नाही मी."

"का बरं?"

"तिथे गेलं की बाबांच्या खोलीत डोकवावं लागतं." मालकांनी घोट घेतला. "ते बघतात माझ्याकडे. बोलत काही नाहीत, नुसते बघतात. कुणी बघावं ते?"

वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मालकांनी ग्लास खुर्चीखाली ठेवला.

मालकांची लेक तिच्या खोलीत नखं रंगवत बसली होती. शेजारी नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरची बाटली उघडी होती. याने तर लाखच काय, वार्निशसुद्धा उतरतं.

"मी कशाला बाहेर जाऊन करू? एसी इथे आहे," ती मान वर न करता म्हणाली. "आणि सांडलं तरी काय, फुंकर मारेपर्यंत उडून जातं. हे बघा." तिने नखावर कापूस फिरवला. खरंच, बोलता बोलता नख कोरडं झालं. "आई म्हणते नर्स, तर नर्स. ब्यूरो दुसरी पाठवेल ना. त्यात काय एवढं?"

"आजोबांना कशी वाटते ही नर्स?"

"मला काय माहीत! ते बोलत नाहीत."

नर्स म्हाताऱ्यांना पेज भरवत होती. चमचा ओठांशी नेला की ती आधी स्वतः "आऽ" करायची, मग म्हातारा तोंड उघडायचा. खाणं संपलं तेव्हा तिने हातावर स्पिरिट घेतलं, चोळलं, आणि हात पुसायला फडकं शोधलंही नाही. गरजच नव्हती.

"तू सांडलंस का?" वहिनींनी सरळ विचारलं.

"नाही हो." तिचे डोळे भरून आले. "बाई म्हणतात, कबूल कर, नाहीतर ब्यूरोत तक्रार करते. एकदा तक्रार गेली की मला कुणी दारात उभं करणार नाही. पण न केलेलं कबूल कसं करू? आणि बाबा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत. मी सुट्टीवर गेले होते तेव्हा उपाशी राहिले."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"आता बरी आहे. मध्ये खोकल्याने फार हैराण होते. डॉक्टरांची औषधं झाली, वाफ झाली, काही फरक नाही. मागच्या आठवड्यात आपोआप थांबला. देवालाच दया आली."

वहिनी दाराशी गेल्या. तिथून टेबल दोन हातांवर होतं. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्यांच्या उशीकडे. म्हातारा त्यांच्याकडेच बघत होता.

बाहेर मालकीणबाई वाटच बघत होत्या. "मग? सांगू ना तिला सामान आवरायला?"

"घाई कशाला? उद्या तुमच्या नणंदबाई आल्या की त्यांच्यासमोरच सांगते कुणी केलं ते. तोवर कुणाला काढू नका."

मालकीणबाईंचा चेहरा असा खुलला, की भाऊजींनासुद्धा बघवेना.

घरी आल्यावर भाऊजी बराच वेळ मोरीत होते. बाहेर आले ते काठी नाचवतच.

"वहिनी, हाताला काय झालंय कळत नाही. सारखं चिकटतंय."

"धुवा मग."

"धुतला की साबणाने! हात स्वच्छ आहे हो. ही मूठच चिकटतेय. आजवर कधी असं झालं नाही."

दिवसभरात वहिनी पहिल्यांदा हसल्या. "भाऊजी, तुमच्या हातून आज नकळत एक काम झालंय. काठी पुसू नका. उद्या तशीच घेऊन चला."

सकाळी सगळे बोळात टेबलाभोवती जमले. नणंद उंच, सडसडीत बाई होती, हातही वडिलांसारखे मोठे. तिने रुमाल उचलून डाग पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. नर्सने म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून दाराशी आणलं होतं. लेकीला यायला उशीर झाला आणि मालकांना उभं राहायला टेकू लागत होता.

"वन्सं, मला तर बोलायलाही लाज वाटते," मालकीणबाईंनी पदर सावरला. "पण नोकरमाणसांवर किती लक्ष ठेवायचं? या बाईंनी सगळा तपास केलाय. सांगा हो तुम्ही."

"सांगते," वहिनी म्हणाल्या. "या घरात लाखेचं पॉलिश विरघळवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. सिस्टरचं स्पिरिट, साहेबांची दारू आणि तुमच्या लेकीचं रिमूव्हर. साहेबांच्या ग्लासातली सोडली तर सगळ्याच कामाच्या."

मालकांनी भिंतीकडे पाहिलं.

"पण तिन्ही उडून जातात. लेकीने मला काल नखावर करून दाखवलं, सिस्टरने हातावर. सांडलं की पॉलिश विरघळतं, पण ते उडून गेलं की उरलेली लाख परत कडक होते. डाग राहतो, पण कोरडा. भाऊजी, बोट लावा."

भाऊजींनी बोट लावलं. "चिकट आहे!"

"आठवडा होऊन गेला तरी चिकट आहे. म्हणजे जे सांडलं ते उडालेलंच नाही, अजून लाकडात मुरून बसलंय. न उडणारं, पॉलिश मऊ करणारं. तेल, मालकीणबाई. सुगंधी तेल."

"अहो, पण बाटली तर बाहेरच्या फळीवर असते!" मालकीणबाई पटकन म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगितलंत. पण तुमच्या सासऱ्यांच्या खोकल्याने वेगळं सांगितलं. औषधाने न थांबलेला खोकला मागच्या आठवड्यात आपोआप थांबला. मागच्या आठवड्यात या घरात काय बदललं? डाग दिसला. आणि त्यांच्या दारातून बाटली हलली. या टेबलावरून उचलून फळीवर गेली. उशाशी येणारा वास थांबला, तसा खोकलाही थांबला."

नणंदेने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता हे ठिपके. बाटलीच्या बुडाचा डाग एकच पडतो. शिंतोडे कधी उडतात? कुणी ओल्या काड्या उपसून उलटतं तेव्हा. घरात पाऊल टाकल्या टाकल्या हा कार्यक्रम माझ्यासमोर झाला. भाऊजी, काठी."

भाऊजींनी काठी पुढे केली. मुठीवरचं पॉलिश दोन ठिकाणी पांढुरकं पडलं होतं. नणंदेने अंगठा टेकवला. अंगठा चिकटला.

"काल दोन थेंब पडले आणि लगेच पुसले, तरी हे झालं. टेबलावर किती दिवस ठिबकत होतं, तो हिशोब तुम्हीच करा. काड्या कोण उलटतं? 'हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.' शब्द तुमचेच."

मालकीणबाई उसळल्या. "मी मुद्दाम केलं का? मला काय स्वप्न पडलं होतं तेलाने असं होतं म्हणून?"

"डाग मुद्दाम पाडला नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. तो अपघात. पण मग बाटली उचलून फळीवर नेली, डागावर रुमाल टाकला आणि नर्सचं नाव घेतलं. हे तीन अपघात काय ओळीने झाले? वड्याचं तेल वांग्यावर काढायचं होतं, म्हणून मला बोलावलंत. तुम्हाला साधं 'चुकलं माझं' म्हणता आलं असतं, बाई. फुकट होतं."

"जाऊ दे ना आता," मालक पुटपुटले. "एवढंसं ते टेबल..."

"दादा, तू बोलूच नकोस," नणंद म्हणाली.

ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. म्हाताऱ्याने हळूहळू हात लांबवून डागावर ठेवला होता आणि बोटांनी तो चाचपत होता. कुठवर गेलाय, किती खोल गेलाय. वर्षभर तो दारातून बघत होता. त्याच्यासमोर बाटली आली, त्याच्यासमोर गेली, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बाबा," नणंद म्हणाली, "मी टेबल न्यायला आले होते. तुम्हालाच नेते. याल?"

म्हाताऱ्याने टेबलावरचा हात उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्सचं मनगट घट्ट धरलं.

"हो, यांनाही," नणंद म्हणाली. "सिस्टर, याल ना तुम्ही?"

नर्स रडायलाच लागली. मान मात्र तिने होकाराची हलवली.

"अहो वन्सं, असं काय करता?" मालकीणबाई मागे मागे जाऊ लागल्या. "लोक काय म्हणतील? सासऱ्याला घराबाहेर काढलं म्हणतील! टेबलाला पॉलिश करून देते मी!"

"नको," नणंद म्हणाली. "डाग राहू दे. बाबा आणि मी मिळून काढू."

टेम्पो आला, टेबल चढलं. म्हाताऱ्यांना पुढच्या सीटवर बसवलं, शेजारी नर्स. घराकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. त्या घरात पाहण्यासारखं होतंच काय?

"तुमची फी?" मालकीणबाईंनी दारात उभं राहून घुश्शात विचारलं.

"पैसे नकोत. भाऊजींच्या काठीला पॉलिश करून द्या. स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कुणाला करू देऊ नका."

वहिनी आणि भाऊजी जिन्यात पोचले, तेवढ्यात समोरून शेजारच्या दोन बायका वर येताना दिसल्या. टेम्पो बघून चौकशीला निघाल्या असणार. त्यांनी बेल दाबली. मालकीणबाईंनी घाईघाईने डोळे पुसले आणि बायका आत शिरायच्या आधी फळीपाशी जाऊन सगळ्या काड्या उलटल्या.