नाही, आधी तुम्ही!

सोमवारी मंत्रीसाहेबांच्या केबिनबाहेर तो भेटला आणि हसून म्हणाला, "तुम्ही आधी जा ना."

किती सभ्य, असं मला वाटलंही असतं... पण साहेबांची ख्याती दोघांनाही ठाऊक होती. जो शेवटी बोलेल, त्याचंच त्यांना पटायचं. म्हणून त्या बाकावर सगळी चढाओढ मागे राहण्याची.

"छे, आधी तुम्ही," मी म्हणाले. "वयाने मोठे आहात."

"कशावरून?"

"कपाळावरून. बरंच वर गेलंय."

मी तळं बचाव समितीची, म्हणजे बदकांकडून. तो मोटारमालक संघाचा पगारी माणूस. त्यांना तळं बुजवून पार्किंग हवं होतं. असा माणूस आवडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे तो आवडायला मंगळवार उजाडला.

रोज आम्ही एकमेकांना आग्रह करत बसायचो. तो बिस्किटं आणायचा, मी थर्मासमधून चहा. चहाच्या वाफेने त्याचा चष्मा धुरकटायचा, आणि तेवढ्यात मी त्याला बघून घ्यायचे. आत साहेब एकटेच.

"अहो, कोणीतरी जा हो आत," शिपाईकाका कळवळायचे. "साहेब मलाच विचारतायत, तुझं काही म्हणणं आहे का!"

शुक्रवारी निर्णय व्हायचा होता. तो उठला, टाय सरळ केला.

"मी जातो आधी."

"वेड लागलंय का? नोकरी जाईल तुमची!"

"काल तळ्यावर गेलो होतो. एक बदक मला गाडीपर्यंत सोडायला आलं... इतक्या आपलेपणाने संघातही कोणी वागत नाही."

तो जाऊन आला. मग मी गेले. भाषण पाठ होतं.

"बसा," साहेब म्हणाले. "मघाचे गृहस्थ सांगून गेलेत की तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त म्हणणं काय आहे, तेवढं सांगा."

तळं वाचलं.

बाहेर तो फोन पालथा ठेवून बसला होता.

"नोकरी गेली?"

"गेली. बदकं?"

"राहिली."

त्याने शेवटचं बिस्किट माझ्याकडे सरकवलं. "आता मी कोणाकडूनच नाही. म्हणजे... तुमच्याकडे जागा असेल तर—"

"आमच्या घरी निर्णय आई घेते."

"मग त्यांच्याशी सगळ्यांत शेवटी बोलतो!"

"उपयोग नाही. बाबा कायम शेवटीच बोलतात. आई ऐकते ती सगळ्यांत आधी बोलणाऱ्याचं."

"मग उद्या पहाटेच येतो!"

"उशीर झाला," मी बिस्किट मोडून अर्धं त्याला दिलं. "मी मंगळवारीच बोलून ठेवलंय."