खंजिरीच्या डाव्या अंगाला

पांढुर्ण्याच्या बाजारात गुलाब भंगारवाला संत्र्याच्या फुटक्या पेट्यांच्या आडोशाला बसायचा. त्याच्याकडे गेलं की हाताला गंज आणि नाकाला सडक्या संत्र्यांचा वास लागणारच. प्रेमलताला त्याचं काही नव्हतं. पंच्याऐंशी सालची दिवाळी झाली, नववीच्या वर्गातून भजनसंघात खंजिरी वाजवायला तिची निवड झाली, आणि तेव्हापासून ही पोरगी रस्त्यानं चालायचीसुद्धा ठेक्यात. सहा महिन्यांपूर्वी वर्गात हजेरी देताना जिचा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे, तीच ही, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

त्या दिवशी गुलाब पक्कड घेऊन एका जुन्या खंजिरीच्या झांजा उपटायच्या बेतात होता.

"ओ गुलाबभाऊ, थांबा! काय करून राहिले?"

"झांजा काढून राहिलो. लाकूड जाईन चुलीत."

"चुलीत? दिमाग ठिकाणावर आहे ना तुमचा?"

सोबत आलेल्या तिच्या मैत्रिणीनं, यमुनेनं, तिची बाही ओढली. "पेमे, हळू वं. सारा बाजार पाहून राहिला."

"पाहू दे!"

आईनं मोडीत द्यायला दिलेला स्टोव्ह प्रेमलतानं गुलाबच्या पुढ्यात ठेवला आणि खंजिरी उचलली. स्टोव्हचं आईला काय सांगायचं ते घरी जाईस्तोवर सुचेल, असं तिचं गणित.

घरी तिनं ती खोबरेल लावून पुसली, तेव्हा खरी गंमत कळत गेली. कडं एकाच लाकडातून कोरलेलं, जोड कुठेच नाही. झांजा पितळेच्या नव्हत्याच. नखानं टिचकी मारली की आजीच्या काशाच्या वाटीसारखा सूर निघायचा आणि बराच वेळ हवेत राहायचा. कातडं बकरीचं नव्हतं. उन्हात धरलं की त्यावर बारीक खवल्यांची नक्षी दिसायची. घोरपड! शाळेची खंजिरी म्हणजे पत्र्याच्या झांजा, वर प्लास्टिकचं पान; वाजवली की डबा गडगडल्यासारखी. ही मात्र बोट टेकवताच पोटातून हुंकारली. ओला अंगठा पानावरून सरकवला तर इतका लांब, गोल घुमारा निघाला की अंगणातल्या कोंबड्या थबकल्या.

प्रेमलता खदखदून हसली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची हाक येईपर्यंत वाजवत बसली.

दुसऱ्या दिवशीपासून तालीम त्याच खंजिरीवर सुरू झाली. गाणारी होती यमुना. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरात दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस; पण यमुना गायला लागली की हातातलं काम टाकून उंबऱ्यावर येऊन बसायचा. यमुनेकडे एवढंच होतं, तिचा गळा. आणि त्यासाठी प्रेमलता कोणाशीही भांडायला तयार असायची. सौंसरला तहसीलची भजनस्पर्धा होती आणि भजनसंघ बसवणाऱ्या उर्मिलाबाईंनी स्वतः भजन रचलं होतं:

कोणी यावं, कोणी जावं, माझं अंगण मोकळं.

यमुना खंजिरीच्या डावीकडे बसायची, बाकीच्या पोरी मागे. पहिल्याच दिवशी सगळ्या उडाल्या. खंजिरीच्या घुमाऱ्यावर यमुनेचा सूर असा चढायचा की जणू कोणी खालून हात देऊन उचलतंय. ओळ संपली, यमुनेनं तोंड मिटलं, तरी 'मोकळं'चा शेवटचा सूर कातड्यात थोडा वेळ राहिला.

"आपल्या खंजिरीला कान आहेत," प्रेमलता म्हणाली, आणि पोरी खिदळल्या.

पुढच्या तालमीत तो सूर जरा जास्त वेळ राहिला. मग त्याला शब्द आला. मग पोरी हसायच्या थांबल्या.

त्याच दिवसांत यमुनेचा गळा बसायला लागला. आधी खरखर, मग वरच्या सुराला नुसती हवा. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. ताप नाही, खोकला नाही. सरकारी दवाखान्यात टॉर्च मारून पाहिलं आणि गळा साफ आहे म्हणून सांगितलं. गंमत अशी की खंजिरी सुरू असली की ती ठणठणीत गायची. थांबली की कुजबुजायची.

"म्हणजे वाजवतच राहिली पाहिजे मी," प्रेमलता म्हणाली.

यमुना हसली नाही.

गल्लीच्या टोकाला भिवाजी राहायचे. रेल्वेत तिगाव स्टेशनावर आयुष्य काढलेले, भजनाचे जुने शौकीन. प्रेमलता खंजिरी दाखवायला गेली ती मिरवायलाच. त्यांनी ती मांडीवर घेतली, कडं चाचपलं. अंगठा झिजलेल्या खळगीत बसला आणि तिथंच थांबला.

"कुठून आणली वं पोरी?"

"बाजारातून, आबाजी. भंगारात होती. घोरपडीची आहे ना?"

"घोरपडीचीच." त्यांनी अंगठा काढून धोतराला पुसला. "मी तुह्याएवढा असतानी तिगावात पाहिली होती हे. हिच्यासंगं गाणारा कोनी नसे. एक मानूस वाजवे, बाकी मुकाट बसत. भजन मातर पुरं ऐकू ये."

"गाणारा नाही, तर गात कोण होतं?"

"बाईचा आवाज राहे. मंडळात तं एकही बाई नव्हती."

प्रेमलता हसायला गेली, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली.

"वाजवनाऱ्याच्या डाव्या अंगाला एक आसन मोकळं ठेवत. त्याच्यावर कोनी बसत नसे." त्यांनी खंजिरी पालथी ठेवली. "तुह्या डाव्या अंगाला कोन बसते?"

"यमुना."

भिवाजींनी खंजिरी लांब सरकवली. मग सुनेला हाक मारून पाणी मागितलं, आणि पाणी आल्यावर प्यायले नाहीत.

"नको बसवू तिथं."

"का?"

"नको बसवू म्हनलं ना!"

भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यांतली प्रेमलता नव्हती. तरी तालमीत तिनं यमुनेला उजवीकडे घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडून ऊन लागते." यमुनेचा आवाज थोडा सुधारलाही. म्हणून तर स्पर्धेच्या सकाळी शाळेची पत्र्याची खंजिरी घ्यावी की ही, या घोळात पडूनही तिनं शेवटी हीच पिशवीत टाकली. उजवीकडे बसवलं की झालं. आणि हिच्याशिवाय ती कोण होती? पत्रा वाजवणारी एक पोरगी.

सौंसरच्या शाळेचं पटांगण खचाखच भरलं होतं. मंडपात ऊन गाळून येत होतं, लाउडस्पीकर खरखरत होता. मंच लहान, माइक एकच, आणि तो डावीकडे रोवलेला.

"यमुना, तू इकडे बस, माइकपाशी," उर्मिलाबाई म्हणाल्या. "चल बाई लवकर, नंबर आला."

यमुनेनं प्रेमलताकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. 'बाई, माइक हलवा.' बाजारात गुलाबला ओरडून थांबवणाऱ्या प्रेमलताला तो काही जड नव्हता. पण समोर एवढे लोक होते, खंजिरी हातात होती, आणि हात शिवशिवत होते.

यमुना डावीकडे जाऊन बसली.

पहिला ठेका पडला आणि पटांगण गप्प झालं. यमुनेचा सूर उठला तो इतका स्वच्छ, इतका भरलेला, की मागच्या पोरी ओळ धरायला विसरल्या. कोणी यावं, कोणी जावं. प्रेमलताच्या अंगावर काटा आला. एवढं सुंदर यमुना कधी गायली नव्हती. आनंदानं तिनं डावीकडे मान वळवली.

माइकच्या आड यमुनेचं तोंड मिटलेलं होतं.

ओठ घट्ट. एक हात गळ्यावर. डोळे प्रेमलतावर.

भजन चालू होतं.

प्रेमलतानं हात थांबवायचं ठरवलं. हात थांबला नाही. अंगठा त्या खळगीत बसला होता आणि बोटं आपली पडत होती. कातडं गालासारखं उबदार लागत होतं. तिनं खंजिरी जोरानं हलवली. एकही झांज वाजली नाही.

शेवटची ओळ संपली तशी बोटं सुटली. टाळ्या पडल्या. परीक्षक उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या माइकजवळच्या मुलीचा गळा म्हणजे देणगी आहे!"

ढाल मिळाली. परतीच्या बसमध्ये पोरी ओरडत होत्या. यमुना खिडकीशी बसली होती. आता कुजबुजही उरली नव्हती तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती प्रेमलताच्या परसात आली. पदरासारख्या धरलेल्या ओढणीत वडिलांचा वस्तरा होता. तिनं तो प्रेमलताच्या हातात दिला आणि खंजिरीकडे बोट केलं.

"फाडलं अन् तुझा आवाज गेलाच तर?"

यमुनेनं पुन्हा बोट केलं.

प्रेमलतानं पातं कातड्यावर टेकवलं.

"पेमे, नको वं," यमुना म्हणाली.

तोच आवाज. तोच लाडिक हेल. पण तो गुडघ्यावरच्या खंजिरीतून आला होता. समोरची यमुना जोरजोरात मान हलवत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं प्रेमलताचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि खाली दाबलं.

"पेमे, मी आहे ना वं. मले नको मारू."

क्षणभर प्रेमलताला कळेना की दोघींतली कोणती खरी. मग तिनं डोळे मिटले आणि वस्तरा ओढला.

कातडं फाटताना आवाज झाला नाही.

लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प होते. कड्यातल्या झांजा नुसत्या लोंबत होत्या. प्रेमलतानं त्यांना बोट लावून पाहिलं. लाकडाला लाकूड लागावं तशा त्या मुक्या होत्या.

"यमुने," ती म्हणाली. "बोल ना काही. माझं नाव घे."

यमुनेनं तोंड उघडलं. ओठ 'पे'साठी जुळले, सुटले. काही आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मग दमून प्रेमलताच्या खांद्यावर डोकं टेकलं. प्रेमलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आवाज येईल, दोन दिवसांनी येईल, चार दिवसांनी येईल, असं काहीबाही बोलत राहिली.

यमुनेनं एक लांब श्वास घेतला.

तिच्या छातीत, खूप आत, काशाची झांज किणकिणली.